साच्याचे रूपक आणि तापविलेला पत्रा

१

भाषाविज्ञानाच्या पदव्युत्तर परीक्षेतील उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य दरवर्षी थोड्याफार फरकाने समोर येते. ‘भाषा हा विचाराचा साचा होय’, असे ते वाक्य. त्याच उत्तरपत्रिकेत, अनुवादविषयक प्रश्नाखाली, त्याचे जुळे भावंड आढळते : ‘अनुवादात आशय तोच राहतो, तो केवळ एका साच्यातून दुसऱ्या साच्यात ओतला जातो.’ वाक्ये विद्यार्थ्यांची असली तरी दोष त्यांचा नव्हे. ती त्यांना आम्हीच शिकविली आहेत. मराठी समीक्षेने ‘साचेबंद’ हा शब्द निंदेसाठी राखून ठेवला, ‘ओतीव’ हा प्रशंसेसाठी उचलला आणि ‘घाट’ हा शब्द भांड्यांच्या दुनियेतून घेऊन वाङ्मयाच्या रूपास लावला. भाषेविषयी बोलू लागताच कारागिराची हत्यारे आपल्या हाती येतात. हे स्वाभाविक आहे; परंतु ती हत्यारे प्रत्यक्षात कशी चालतात हे न पाहताच आपण ती वापरतो, हे मात्र स्वाभाविक मानून सोडून देण्याजोगे नाही.

प्रस्तुत लेखात ह्या रूपकाची परीक्षा करावयाची आहे. त्यासाठी ओतकाम किंवा कुंभारकाम न घेता उद्योगातील एक वेगळी प्रक्रिया घेतली आहे : उष्णतेने मऊ होणाऱ्या प्लास्टिकचा सपाट पत्रा तापवून तो गुंतागुंतीच्या त्रिमितीय आकारावर बसविणे. ह्या निवडीस एक खाजगी कारण घडले. ते आरंभीच सांगणे प्रामाणिकपणाचे होईल.

काही वर्षांपूर्वी एका तंत्रशिक्षण संस्थेच्या मराठी वाचनपुस्तकाचा मसुदा भाषेच्या दृष्टीने तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. त्यातील एका प्रकरणात उपर्युक्त प्रक्रियेचे वर्णन होते व त्यात असे वाक्य होते : ‘तापविलेले प्लास्टिक साच्यात ओतले जाते व ते साच्याचा आकार घेते.’ मराठी म्हणून वाक्य निर्दोष होते. मी त्यावर संमतीची सही केली. पुढे त्या विषयाच्या अध्यापकांनी मला कर्मशाळेत नेऊन एक खोल पेटी हातात दिली. तिच्या तळाचा कोपरा अंगठ्याने दाबताच फाटला. शिकाऊ मुलांनी पुस्तकावर विसंबून पत्र्याची जाडी निवडली होती. ओतकामात वस्तूच्या भिंतीची जाडी साच्यातील पोकळीच ठरविते. येथेही तसेच असेल, असे त्यांनी धरले. ‘साहेब, येथे ओतले जात नाही काही,’ एवढेच ते अध्यापक म्हणाले. मसुद्यातील चूक तंत्राची होती खरी. पण ती माझ्या नजरेस आली नाही, ह्याचे कारण तंत्राचे अज्ञान एवढेच नव्हते. ‘साचा’ हा शब्द आला की त्यामागून ‘ओतणे’ हे क्रियापद येणारच, अशी माझ्या कानाची सवय होती. ही सवय भाषाविज्ञानातूनही आपण सोबत आणली आहे, असे मला तेव्हापासून वाटू लागले.

२

प्रथम प्रक्रिया समजून घेऊ. प्लास्टिकांचे दोन मोठे वर्ग मानण्यात येतात. ऊष्मादृढ वर्गातील पदार्थ एकदा तापून घट्ट झाले की पुन्हा मऊ होत नाहीत. बेकलाइट हे त्यांचे परिचित उदाहरण. ऊष्मामृदू वर्गातील पदार्थ तापविले की मऊ होतात, निवले की कडक होतात आणि पुन्हा तापविले तर पुन्हा मऊ होतात. पॉलिस्टायरीन, ॲक्रिलिक, पीव्हीसी, पॉलिकार्बोनेट ही ह्या वर्गातील नावे. ह्यांच्या लांबच लांब रेणुशृंखला एकमेकींत गुंतलेल्या असतात. रासायनिक बंधांनी मात्र त्या परस्परांशी बांधलेल्या नसतात. विशिष्ट तापमान ओलांडले, पॉलिस्टायरीन व ॲक्रिलिक ह्यांच्या बाबतीत सुमारे १०० अंश सेल्सिअस आणि पॉलिकार्बोनेटच्या बाबतीत सुमारे १५० अंश, म्हणजे ह्या शृंखलांना हालचालीस वाव मिळतो. त्यामुळे पदार्थ पाण्यासारखा वाहू लागतो असे नव्हे. तो रबरासारखा ताणला जाऊ शकतो, आणि ताणलेल्या स्थितीत निवविला तर त्याच आकारात थिजतो. प्रत्यक्ष काम ह्या मर्यादेच्या बरेच वर करतात. ॲक्रिलिकचा पत्रा साधारणतः १५० ते १८० अंशांपर्यंत तापवितात.

पत्रा चारही कडांनी चौकटीत घट्ट धरलेला असतो. वरून उष्णता देताच तो मऊ होऊन मधोमध झोळीसारखा लोंबू लागतो. मग साचा त्याच्याशी भिडवितात आणि साच्यातील बारीक छिद्रांवाटे पत्रा व साचा ह्यांमधील हवा काढून घेतात. आपण ह्याला ‘निर्वाताने ओढणे’ म्हणतो, परंतु वस्तुतः ओढणारे कोणी नसते. वरच्या बाजूचे वातावरण पत्र्याला ढकलत असते. म्हणून हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅमपलीकडे जाऊ शकत नाही. अधिक बारकावे उठवावयाचे असतील तर वरून दाबाखालील हवा सोडावी लागते.

साचा दोन प्रकारचा असू शकतो. वस्तूचा आकार उंचवट्याच्या रूपाने असेल तर त्याला आपण उठावाचा साचा म्हणू. पोकळीच्या रूपाने असेल तर खोलगट साचा म्हणू. दोन्ही प्रकारांत पत्र्याचे एकच अंग साच्याला लागते. दुसरे अंग मोकळ्या हवेत राहते. वस्तू साच्यातून निघावी म्हणून भिंतींना किंचित उतार द्यावा लागतो, कारण सरळ उभ्या भिंतीवर आकसलेला पत्रा घट्ट चिकटून बसतो.

मराठी माणसाला पत्रा आकारावर बसविण्याची ही कल्पना परकी नाही. देवघरातील टाक चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठोकून तयार होतात. तांबट तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून खोल करतो. आपल्या भाषेने ह्या कामांसाठी ‘ओतीव’, ‘घडीव’, ‘कोरीव’, ‘ठोकीव’ असे निरनिराळे शब्द जपून ठेवले आहेत. मात्र तांबटाचा घाव एका वेळी एकाच जागी बसतो व दुसऱ्या घावापूर्वी त्याला थांबून पाहता येते. तापलेल्या प्लास्टिकच्या पत्र्यात सर्व ठिकाणची हालचाल काही सेकंदांत एकदमच होते आणि एका जागचा बदल शेजारच्या जागेला भोगावा लागतो. पुढील विवेचनाचा आधार हाच आहे.

३

ह्या प्रक्रियेतील तीन गोष्टी आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट पातळ होण्याची. चौकटीत धरलेला पत्रा ठराविक असतो. बाहेरून नवा माल आत येत नाही. समजा, १० सेंटिमीटर लांबीरुंदीचे तोंड असलेली, १० सेंटिमीटर खोल, चौकोनी पेटी खोलगट साच्यात करावयाची आहे. तोंडाचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर. तळ १०० व चार भिंती मिळून ४००, असे एकूण ५०० चौरस सेंटिमीटर क्षेत्र त्या १०० चौरस सेंटिमीटर पत्र्याने झाकावयाचे. म्हणजे २ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची सरासरी जाडी ०·४ मिलिमीटर उरते. सरासरी म्हणण्याचे कारण असे की, ही जाडी सर्वत्र सारखी नसते. तळाचे कोपरे सर्वांत शेवटी भरतात, म्हणून तेथे ती ह्याहूनही कमी होते. माझ्या अंगठ्याखाली फाटलेला कोपरा तो हाच. आता तीच पेटी उठावाच्या साच्यावर केली, तर पत्रा प्रथम माथ्याला लागतो, तेथे निवतो व जाड राहतो. पातळपणा भिंतींच्या वाट्याला जातो. वस्तूचा आकार तोच, पत्रा तोच, पण द्रव्याची वाटणी अगदी निराळी. पूर्ण झालेल्या वस्तूचा केवळ आकार पाहून ही वाटणी सांगता येत नाही.

भाषेत ह्याला समांतर घटना आहे. मराठीतील ‘लागणे’ हे क्रियापद घ्यावे. ‘खांद्याला खांदा लागला’ येथे स्पर्शाचा अर्थ भरघोस आहे. ‘दार लागले’, ‘भूक लागली’, ‘वाटेत नदी लागली’ असे करीत हे क्रियापद दूरवर ताणले जाते, आणि ‘तो बोलू लागला’, ‘मला जावे लागले’ येथे पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ इतका विरळ होतो की, त्याला सहायक क्रियापद म्हणण्यावाचून गत्यंतर राहत नाही. स्वतंत्र शब्दाचे व्याकरणिक प्रत्ययाकडे होणारे हे संक्रमण आंत्वान मेये ह्या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९१२ साली व्याकरणीकरण ह्या नावाने मांडले व त्यात अर्थाच्या क्षीण होण्याकडे लक्ष वेधले. ओतकामाच्या रूपकात ह्या क्षीणतेला जागाच नाही, कारण ओतणाऱ्याला हवा तेवढा रस पुन्हा आणता येतो. पत्र्याच्या रूपकात मात्र ती अपरिहार्य आहे.

दुसरी गोष्ट क्रमाची. पत्र्याचा जो भाग साच्याला प्रथम लागतो तो तेथेच थंड होतो व पुढच्या ताणात भाग घेत नाही. म्हणून कुशल कारागीर पत्रा साच्याला लागण्यापूर्वीच त्याला ताणून घेतात : कधी हवेने फुगवून, कधी एका ठोकळ्याने आत ढकलून. ही पूर्वतयारी केली नाही, तर प्रथम स्पर्शाची खूण वस्तूवर कायम राहते. मुंबई व ठाणे ह्यांच्या दरम्यान १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी धावली. त्या वस्तूचा मराठीला जो प्रथम स्पर्श झाला तो आगीचा होता. म्हणून शब्द झाला ‘आगगाडी’. पुढे डिझेलची इंजिने आली, विजेची आली, वाफेची इंजिने नित्याच्या वाहतुकीतून गेली. पण शब्दाचा तो भाग थिजला तो थिजलाच. शब्दाच्या आजच्या अर्थावरून आगीचे प्रयोजन सांगता येणार नाही. स्पर्शाचा क्रम ठाऊक असेल तरच ते कळेल.

ह्याच संदर्भात घडी पडण्याचा प्रकारही पाहावा. उठावाच्या साच्यावर दोन उंच भाग फार जवळजवळ असतील, तर त्यांच्या दरम्यान पत्र्याला खाली बसण्यास अवकाश मिळत नाही. तो स्वतःलाच चिकटून घडी पडते व ती नंतर काढता येत नाही. उकडीच्या मोदकाची पारी वळताना आपण कडेच्या जादा पिठाच्या मुद्दाम कळ्या पाडतो. येथे त्या नको असताना पडतात. साच्याचा प्रत्येक भाग स्वतंत्रपणे निर्दोष असूनही दोष त्यांच्या परस्परसान्निध्यातून उत्पन्न होतो, ही बाब संरचनावादी अभ्यासकाने विसरण्याजोगी नाही.

तिसरी गोष्ट स्मरणाची. ताणलेल्या स्थितीत थिजलेल्या रेणुशृंखला पुन्हा तापविताच आपल्या मूळच्या गुंतलेल्या स्थितीकडे परततात. अशा रीतीने घडविलेला पॉलिस्टायरीनचा पातळ पेला भट्टीत तापविला, तर तो वितळण्याऐवजी आक्रसत जाऊन चपटी चकती होतो. त्यावर अक्षरे छापलेली असतील तर तीही सपाट होऊन एकत्र येतात. पत्रा आपले सपाटपण विसरलेला नसतो. थंडीने त्याला केवळ थोपवून धरलेले असते. शब्दांचेही असेच आहे. १९५७ पासून भारतीय नभोवाणीचे ‘आकाशवाणी’ हे नाव रूढ झाले आणि तो शब्द स्वररचना, बातम्या, बाजारभाव ह्या सर्वांवर ताणला गेला. पण कीर्तनकाराने ‘इतक्यात आकाशवाणी झाली’ म्हणताच श्रोत्यांपैकी कोणालाही ध्वनिक्षेपक आठवत नाही. संदर्भाची ऊब लागली की शब्द आपल्या मूळ पातळीवर जातो.

४

आता भाषाविज्ञानातील प्रतिष्ठित उपमांकडे वळू. फेर्दिनां द सोस्यूर ह्यांची व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९१६ साली, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांतील भाषिक मूल्याचे प्रकरण आपण सर्वजण शिकवितो. तेथे सोस्यूर विचाराला, शब्दांवाचून, आकारहीन व धूसर मानतात. आणि ध्वनी हा विचाराने ज्यात बसावे असा तयार साचा आहे, ही कल्पना ते स्पष्टपणे नाकारतात. त्यांच्या मते ध्वनिद्रव्यही तितकेच लवचिक असून विचारासोबतच त्याचे विभाजन होते. तेव्हा ‘भाषा हा विचाराचा साचा’ हे वाक्य सोस्यूर ह्यांच्या नावावर खपविणाऱ्या विद्यार्थ्याने त्यांचे म्हणणे बरोबर उलटे केले आहे, हे प्रथम नोंदविले पाहिजे.

परंतु टीकेची जागा त्यापुढे आहे. सोस्यूर ह्यांनी साचा नाकारला, पण साच्याचा जोडीदार, म्हणजे आकारहीन द्रव्य, तसाच ठेवला. इतकेच नव्हे, तर एकाच्या जागी दोन केला. विचारही आकारहीन, ध्वनीही आकारहीन. ज्याला पूर्वीचा आकार नाही असे द्रव्य ओतकामात असते. पत्र्याच्या कामात ते नसते. पत्रा आधीच एका आकाराचा, एका जाडीचा, एका क्षेत्रफळाचा असतो, आणि पुढे जे काही घडते ते ह्या पूर्वस्थितीशी हिशेब चुकते करीतच घडते. गंमत अशी की, सोस्यूर ह्यांचा जो सर्वांत मौलिक सिद्धान्त, म्हणजे प्रत्येक घटकाचे मूल्य इतर घटकांवर अवलंबून असते, तो त्यांच्या स्वतःच्या उपमेपेक्षा पत्र्याच्या उदाहरणाने अधिक चांगला समजतो. चौकटीतील माल ठराविक आहे. म्हणूनच येथली खोली तेथला पातळपणा ठरविते. आकारहीन व अमर्याद द्रव्यात एका भागाने दुसऱ्याची पर्वा करण्याचे कारणच उरत नाही.

लुई येल्मस्लेव्ह ह्यांनी १९४३ सालच्या आपल्या डॅनिश ग्रंथात हीच बाजू पुढे नेली. निरनिराळ्या भाषा एकाच अर्थद्रव्याला निरनिराळे रूप कसे देतात हे सांगताना ते वाळूची उपमा देतात : तीच वाळू वेगवेगळ्या साच्यांत भरता येते. दुसरी उपमा ढगाची, आणि तिसरी, अखंड पृष्ठभागावर पडणाऱ्या जाळ्याच्या सावलीची. तिन्हींत एक समान गुण आहे : द्रव्य काहीच विरोध करीत नाही. वाळू साच्यातून काढून पुन्हा भरली तर पहिल्या साच्याची खूण तिच्यात राहत नाही; सावलीने पृष्ठभाग झिजत नाही. रूपविचाराची शुद्धता राखण्यासाठी येल्मस्लेव्ह ह्यांना असे द्रव्य हवे होते, हे समजण्यासारखे आहे. परंतु ‘अनुवादात आशय तोच राहतो’ हे आपले भाबडे वाक्य ह्याच वाळूतून जन्मते. वाळू खरोखरच तीच राहते. पत्रा राहत नाही. एका साच्यावरून काढून दुसऱ्यावर बसवावयाचा, तर तो आधी तापवावा लागतो, आणि पहिल्या ताणाचा हिशेब दुसऱ्यात येतोच.

तिसरे नाव रोलां बार्थ ह्यांचे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखसंग्रहात प्लास्टिकवर एक छोटा लेख आहे. एका प्रदर्शनात लोक रांगा लावून यंत्र पाहत आहेत. एका टोकाला कच्चे कण पडतात आणि दुसऱ्या टोकातून चकचकीत वस्तू बाहेर येते. ह्या दृश्यावरून बार्थ प्लास्टिकला पदार्थ मानण्याऐवजी अनंत रूपांतराची कल्पना मानतात. लेख अत्यंत चतुर आहे व चिन्हमीमांसेच्या विद्यार्थ्याने तो वाचलाच पाहिजे. परंतु बार्थ ज्या यंत्रासमोर उभे होते ते कणांपासून वस्तू करणारे यंत्र होते. तेथे रूपांतराचा मधला भाग प्रेक्षकाला दिसत नाही. पत्रा बसविण्याच्या यंत्रासमोर ते उभे असते तर तोच भाग त्यांना उघड्यावर दिसला असता : झोळी पडणारा, कोपऱ्याशी पातळ होणारा, क्वचित फाटणारा पदार्थ. जे रूपांतर अनंत वाटते ते पुष्कळदा झाकलेले असते, एवढाच त्याचा अर्थ. मिथकाचा मुखवटा काढू पाहणाऱ्या लेखकाने एका मिथकाला स्वतःच हातभार लावला, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्यावर कोणी म्हणेल की, ह्या केवळ उपमा आहेत. सोस्यूर व येल्मस्लेव्ह ह्यांचे आकारहीन द्रव्य ही तार्किक संकल्पना आहे, तिला कारखान्यात नेणे अन्यायाचे आहे. आक्षेप रास्त आहे आणि ग्रंथकारांपुरता तो मान्य करावा. येल्मस्लेव्ह स्वतःच सांगतात की, रूपाविना द्रव्य आपल्याला कधीच गवसत नाही. पण उपमा ग्रंथात राहत नाहीत. विद्यार्थी सिद्धान्त विसरतो आणि उपमा लक्षात ठेवतो. पुढे तो अनुवादक होतो, पाठ्यपुस्तकाचा संपादक होतो, मसुद्यांवर सही करतो. तेव्हा उपमेला तिच्या व्यवहारातील परिणामांसाठी जबाबदार धरणे हे समीक्षेचे कर्तव्यच ठरते.

५

पत्र्याच्या कामातील दोन शाखा अशा आहेत की, त्यांत भाषा किंवा लिपी ही प्रत्यक्षच साच्यावर बसते. त्यांचा विचार केल्यावाचून हे विवेचन अपुरे राहील.

पहिली शाखा उठावाच्या नकाशांची. अमेरिकेच्या लष्करी नकाशा विभागाने १९५० च्या दशकात असे नकाशे मोठ्या प्रमाणावर केले. नकाशा प्रथम सपाट प्लास्टिकवर छापावयाचा आणि मग तो पत्रा डोंगरदऱ्यांच्या साच्यावर तापवून बसवावयाचा. छापलेले शिखर साच्याच्या शिखरावर नेमके यावे ह्यासाठी जुळणी काटेकोर ठेवावी लागते. आणि तरीही उतारांवर पत्रा ताणला जात असल्यामुळे तेथील रेषा व अक्षरे ताणली जातात. आकार जितका गुंतागुंतीचा तितकी ही अडचण मोठी. २०१६ साली झुरिच येथील ईटीएच ही तंत्रविद्येची संस्था व डिस्नेची संशोधनशाळा ह्यांतील संशोधकांनी हिच्यावर एक पद्धत प्रसिद्ध केली. पत्रा कोठे किती ताणला जाईल ह्याचे गणित संगणकावर आधीच करावयाचे, आणि सपाट पत्र्यावर चित्र मुद्दाम त्याच्या उलट वाकडे छापावयाचे. सपाट असताना ते चित्र विद्रूप दिसते. साच्यावर बसल्यावर डोळा डोळ्याच्या जागी व ओठ ओठांच्या जागी येतात.

अनुवादाच्या वर्गात शिकविण्यासारखा ह्याहून उत्तम दृष्टान्त मला ठाऊक नाही. ह्याच विषयातील एक संज्ञा घेऊ. ताणामुळे पदार्थाच्या आकारात होणाऱ्या बदलाला आपल्या भौतिकीच्या परिभाषेत ‘विकृती’ म्हणतात. संज्ञा व्युत्पत्तीने निर्दोष आहे. पण मराठी वाचकाच्या मनात ह्या शब्दाला आधीचा आकार आहे आणि तो रोगाचा व दुर्गुणाचा आहे. ‘पत्र्यात विकृती निर्माण होते’ असे वाचताच शिकाऊ मुलगा पत्रा फेकून द्यावा की काय अशा विचारात पडतो. जो अनुवादक शब्दांना वाळू समजतो त्याला ह्याची कल्पनाच येत नाही. जो त्यांना पत्रा समजतो तो हा ताण आधी हेरतो आणि वाक्य आधीच दुसऱ्या बाजूला झुकवून लिहितो : ‘ताणल्यावर पत्र्याची लांबी जेवढी बदलते त्या बदलाला विकृती म्हणावे, ती प्रत्येक पत्र्यात असते, तिला दोष समजू नये.’ मूळ इंग्रजी वाक्याशी ताडून पाहणाऱ्या परीक्षकाला हे वाक्य लांबलेले व वाकडे वाटेल. वाचकाच्या मनावर बसल्यावर ते सरळ होते.

दुसरी शाखा ब्रेल लिपीची. कागदावर उठविलेल्या मूळ पानावर पातळ प्लास्टिकचा पत्रा तापवून बसविला आणि खालची हवा काढून घेतली, की त्या पानाची प्रत तयार होते. कागदातून हवा जाऊ शकते म्हणून वेगळी छिद्रे पाडावी लागत नाहीत. ह्या मार्गाने अंध वाचकांसाठी दीर्घकाळ प्रती काढण्यात आल्या. येथे दोन बाबी लक्षणीय आहेत. वाचकाचे बोट ज्या अंगावरून फिरते ते अंग साच्याला, म्हणजे मूळ पानाला, कधी लागलेलेच नसते. मूळ बिंदू आणि बोट ह्यांमध्ये पत्र्याची जाडी असते, म्हणून प्रतीतील बिंदू मुळापेक्षा किंचित मोठा व गोलसर होतो. दुसरी बाब अशी की, बिंदूची उंची सुमारे अर्धा मिलिमीटर व शेजारच्या बिंदूपासून अंतर सुमारे अडीच मिलिमीटर असते. पत्रा पुरेसा तापला नसेल तर तो बिंदूंच्या मधल्या जागेत नीट उतरत नाही आणि उठाव मंद होतो. १९५१ साली निश्चित झालेल्या भारती ब्रेलमध्ये ‘ल’ हे अक्षर पहिला, दुसरा व तिसरा अशा तीन बिंदूंचे आहे. ‘क’ पहिला व तिसरा ह्या दोहोंचे. मधला बिंदू बोटाला जाणवला नाही, तर ‘ल’चा ‘क’ होतो.

भाषा हे रूप आहे, द्रव्य नव्हे, हा सोस्यूर ह्यांचा सिद्धान्त येथे खोटा ठरत नाही. ‘ल’ व ‘क’ ह्यांतील भेद हा रूपाचाच भेद आहे; तो प्लास्टिकमध्ये असो की कागदात, सारखाच. परंतु तो भेद टिकेल की नाही, हे पत्र्याच्या तापमानावर अवलंबून राहते. रूप द्रव्यातून निघत नाही हे खरे. पण द्रव्य जेवढे पेलू शकते तेवढेच रूप वाचकाच्या बोटापर्यंत पोहोचते. रूपविचारात ह्या उंबरठ्याला एखादे कलम मिळावयास हवे.

६

पत्र्याच्या रूपकालाही मर्यादा आहेत. कारखान्यात साचा आधी असतो व तो कोणीतरी हेतुपूर्वक केलेला असतो. भाषेला असा एक कर्ता नाही. उलट, ॲक्रिलिकचे पारदर्शक घुमट पुष्कळदा साच्यावाचूनच करतात : कडा चौकटीत धरून तापलेला पत्रा हवेने फुगवितात, आणि आकार केवळ कडा व दाब ह्यांवर ठरतो. भाषेचे काही व्यवहार ह्या साचाविरहित आकाराच्या अधिक जवळचे असावेत. तसेच पेला तापला की आपोआप सपाट होतो. शब्द मात्र बोलणाऱ्यावाचून कोठेच परतत नाही. तेव्हा एक रूपक काढून त्या सिंहासनावर दुसरे बसवावे, असा प्रस्तुत लेखाचा आग्रह नाही. रूपक वापरावयाचे तर त्यामागील काम एकदा पाहून यावे, आणि त्या कामातील जी अडचण आपल्या सिद्धान्ताला गैरसोयीची असेल ती गाळू नये, एवढेच म्हणणे आहे.

त्या वाचनपुस्तकाच्या पुढील मुद्रणासाठी मी वाक्य बदलून दिले : ‘तापवून मऊ केलेला पत्रा साच्यावर ताणून बसविला जातो, तो जेथे अधिक ताणला जातो तेथे पातळ होतो, म्हणून खोल वस्तूसाठी पत्रा निवडताना प्रथम कोपऱ्यांचा विचार करावा.’ विषयाच्या अध्यापकांनी ते कर्मशाळेत वाचून पाहिले व ठेवले. उत्तरपत्रिकांतील वाक्याचे काय करावे, हा प्रश्न मात्र आपणा सर्वांचा आहे. यापुढे एखाद्या विद्यार्थ्याने ‘भाषा हा विचाराचा साचा होय’ असे लिहिले, तर त्यावर लाल रेघ ओढण्यापूर्वी परीक्षकाने समासात एकच प्रश्न लिहावा : ह्या साच्यात काय घातले, आणि ते कोठे पातळ झाले? ज्याला ह्याचे उत्तर देता येईल त्याने ते वाक्य खुशाल लिहावे.